मुंबई सिटीचा २०२४-२५चा संघ: कागदावर किती, मैदानावर किती?

तुमचा प्रश्न बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. अंधेरीच्या मैदानावर वर्षानुवर्षं एकाच रांगेत बसणाऱ्या तुमच्या टोळक्यात दोन तट पडलेत. पहिला तट म्हणतो, मे २०२४मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) ह्या फुटबॉल स्पर्धेचा कप उचललेल्या मुंबई सिटीकडे पुढच्या मोसमातही पहिल्या दोनात येण्याइतका माल होता, तो प्रशिक्षक पेत्र क्रात्कीनं वाया घालवला. दुसरा तट म्हणतो, संघ उन्हाळ्यातच मोडीत निघाला होता, सहावा नंबर आला हीच मेहेरबानी. पैज लागली आहे, हरणाऱ्यांनी सगळ्यांना मिसळ खिलवायची. आणि निवाडा माझ्याकडे आलाय, कारण मी गेली एकोणीस वर्षं खेळाडू पारखायचं आणि सामन्यांचे व्हिडिओ कापून बघायचं काम करतो.

आधी एक सांगून टाकतो. मी कधीही मुंबई सिटीच्या नोकरीत नव्हतो. ड्रेसिंग रूममध्ये काय शिजलं ते मला ठाऊक नाही आणि ठाऊक असल्याचा आव आणणार नाही. जे बोलतोय ते स्टँडमधून आणि स्क्रीनवर पाहिलेलं.

तुमच्या दोन्ही तटांनी केलेले हिशेब मी वाचले. दोघांची पद्धत एकच आहे, फक्त बेरीज वेगळी येते. डावीकडे गेलेल्यांची यादी, उजवीकडे आलेल्यांची यादी. दियाझ गेला, कारेलिस आला. नोगेरा गेला, टोराल आला. अपुइया गेला, ब्रँडन आला. मग प्रत्येक ओळीवर वाद घालायचा: हा त्याच्यापेक्षा भारी की तो ह्याच्यापेक्षा? वाण्याच्या दुकानातल्या पावतीसारखं. साखर गेली, गूळ आला, भाव साधारण तोच, म्हणजे चहा तोच होईल.

तसा होत नाही.

हे मला पुस्तकातून कळलं नाही, तोंडावर आपटून कळलं. मी तेव्हा मुंबईच्या जिल्हा लीगमधल्या एका संघाबरोबर होतो. नाव सांगत नाही, मंडळी अजून भेटतात. आमचा डावा विंगर, म्हणजे डाव्या कडेनं हल्ला करणारा, त्या वर्षी सुटला होता, दर दुसऱ्या सामन्यात गोल. मोसम संपल्यावर डावा बॅक, म्हणजे त्याच्यामागचा बचावपटू, नोकरीच्या बदलीनं नाशिकला गेला. कुणाला काही वाटलं नाही, बॅकच तो. त्याच्या जागी आम्ही त्याहून वेगवान, त्याहून उंच पोरगा आणला आणि स्वतःवर खूश झालो. पुढचे आठ सामने विंगरचा एकही गोल नाही. पोराचं काय बिनसलं म्हणून आम्ही त्याच्या घरच्यांशी बोललो, पायाला काही झालंय का म्हणून डॉक्टरकडे नेला. शेवटी एका रात्री जुने आणि नवे व्हिडिओ शेजारी लावले तेव्हा डोक्यात उजेड पडला. जुना बॅक बॉल नसतानाही त्याच्या बाहेरून धावायचा. त्याला बॉल क्वचितच मिळायचा, पण समोरच्या संघाचा उजवा बॅक त्याच्याकडे दोन पावलं सरकायचा. आमचा विंगर त्या दोन पावलांच्या फटीतून आत शिरून गोल मारायचा. नवा पोरगा शहाण्यासारखा मागे थांबायचा. फट बंद, गोल बंद. गेला होता बॅक, हरवला होता विंगर.

तेव्हापासून माझ्या वहीत नावांची यादी नसते. अकरा वर्तुळं काढतो आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा मारतो. कोण कुणाला बॉल देतो, कुणाच्या धावण्यानं कुणाला जागा मिळते, कोण पुढे गेला की मागे कोण थांबतो. जी जोडी जमलेली, तिची रेघ जाड. संघ बदलला की वर्तुळांवर फुल्या मारायच्या आधी रेघा मोजतो. नवीन बांधणी होत असलेल्या संघाची ताकद ओळखायची ती तिथं.

आता मुंबई सिटी. पण २०२४च्या आधी २०२०कडे बघू, कारण तुमच्या पहिल्या तटाचा सगळा भरवसा त्या वर्षावर आहे. ‘तेव्हाही पूर्ण संघ बदलला होता, तरी पहिल्याच वर्षी दोन्ही ट्रॉफ्या आल्या, मग २०२४ला काय धाड भरली?’ असं तुम्ही लिहिलंय.

मुद्दा रास्त आहे आणि उत्तर त्यातच आहे. नोव्हेंबर २०१९मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपनं क्लबातला ६५ टक्के हिस्सा घेतल्याची घोषणा झाली. २०१९-२०च्या मोसमात संघ पाचवा आला. मग ऑक्टोबर २०२०मध्ये प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा आला आणि त्याच्यामागून एफसी गोव्याची अर्धी पालखी आली: मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्युगो बूमूस, मंदार राव देसाई. ही माणसं लोबेराच्या हाताखाली गोव्यात आधीच खेळलेली. बूमूस तर २०१९-२०चा लीगमधला सर्वोत्तम खेळाडू. फातोर्ड्यावर, म्हणजे गोव्याच्या घरच्या मैदानावर, तेव्हा लोक किती चिडले होते ते मडगावच्या कुणालाही विचारा. एखाद्याच्या घरातलं नुसतं भांडं उचलून नेलं तर माणूस विसरतो, पण इथं चूल, तवा आणि पोळ्या लाटणारी बाई, सगळंच एकदम गेलं होतं.

म्हणजे मुंबईनं तेव्हा खेळाडू विकत घेतलेच नाहीत. तयार रेघा विकत घेतल्या. २८ फेब्रुवारी २०२१चा सामना आठवा. शील्डचा, म्हणजे साखळीत पहिला येणाऱ्याच्या ट्रॉफीचा, फैसला, समोर एटीके मोहन बागान, सातव्या मिनिटाला जाहूची फ्री किक आणि फॉलचं डोकं. ही फ्री किक मुंबईत शिकवलेली नव्हती. ती गोव्याच्या सरावात शेकडो वेळा मारून झालेली होती. जाहूनं बॉल ठेवून पावलं मागं घेतली की फॉल कुठून धावत येणार हे दोघांना डोळे मिटून माहीत होतं. तो सामना २-० जिंकला, दोघांचे गुण ४०-४० झाले आणि बरोबरी सोडवायच्या नियमानं शील्ड मुंबईकडे आलं. तेरा मार्चला त्याच प्रतिस्पर्ध्याला अंतिम सामन्यात २-१ हरवून कपही आला. नवा संघ, जुन्या जोड्या. त्यामुळे मुरायला वेळ लागलाच नाही.

(त्या अंतिम सामन्यात मुंबईची बरोबरी बागानच्या तिरीच्या स्वयंगोलनं झाली होती. हाच तिरी पुढे मुंबईत आला आणि सप्टेंबर २०२४मध्ये नव्या मोसमाच्या पहिल्याच सामन्यात त्यानं बागानसाठी स्वयंगोल केला, मग सत्तराव्या मिनिटाला योग्य बाजूच्या जाळ्यातही मारला. सामना २-२. देव हिशेब चुकते करतो, पण कधीकधी दोन्ही वह्यांत लिहितो.)

आता २०२४चा उन्हाळा. ४ मे २०२४ला अंतिम सामन्यात कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर साठेक हजारांच्या गोंगाटात मुंबईनं बागानला ३-१ हरवलं. आधी कमिंग्सनं बागानला पुढे नेलं, मग दियाझ, बिपिन आणि अगदी शेवटी वोयतुस. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत संघातून चार जण गेले ज्यांच्याबद्दल बोलायला हवं. होर्हे पेरेरा दियाझ, अल्बेर्तो नोगेरा आणि राहुल भेके, तिघंही बेंगळुरूला. आणि अपुइया, म्हणजे लालेंगमाविया राल्ते, मोहन बागानला.

तुमच्या दुसऱ्या तटाचा सगळा शोक दियाझ आणि नोगेरासाठी आहे. मला तो पटत नाही, निदान तेवढा नाही. वयं बघा. दियाझ चौतिशीला टेकलेला, नोगेरा पस्तिशीला, भेके तेहतीस पार. कुठलाही शहाणा क्लब ह्या वयाच्या खेळाडूंना लांबचे करार देताना दहा वेळा विचार करतो. आपल्या उन्हात, आपल्या मैदानांवर, इतक्या प्रवासात पाय लवकर जड होतात. त्यांना जाऊ देणं ही चूक म्हणता येत नाही. तिघांना एकाच वेळी, एकाच प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ देणं, ही गोष्ट वेगळी. तिच्याकडे परत येतो.

खरा खड्डा अपुइयाचा. तो तेव्हा तेवीस वर्षांचा होता आणि भारतीय होता. ह्या दोन गोष्टी एकत्र वाचायच्या. आयएसएलमध्ये मैदानावर एका वेळी चारच परदेशी खेळू शकतात. आधी पाच असायचे, २०२१-२२पासून चार झाले. म्हणजे अकरात सात जागा भारतीयांच्या. परदेशी खेळाडू बदलायला अख्खं जग पडलंय. ग्रीसमधून स्ट्रायकर आणा, स्पेनमधून मिडफिल्डर आणा, एजंट रोज शंभर व्हिडिओ पाठवतात. पण संपूर्ण सामना मधली जागा सांभाळेल, बॉल हिसकावेल आणि हिसकावून चुकीच्या माणसाला देणार नाही, असे भारतीय मिडफिल्डर मोजायला एका हाताची बोटं पुरतात. त्यातला एक गेला तर बाजारात त्याच्यासारखा मिळतच नाही, पैसे कितीही असोत.

अपुइया काय करायचा हे आकड्यांत नीट दिसत नाही. गोल फार नाहीत, असिस्ट (गोलआधीचे पास) फार नाहीत. म्हणून एक प्रयोग सांगतो, कुठल्याही सामन्यात करून बघा. पंधरा मिनिटं बॉलकडे बघूच नका. फक्त मधल्या माणसाच्या मानेकडे बघा. बॉल त्याच्याकडे येण्याआधीच्या तीन-चार सेकंदांत तो मान किती वेळा फिरवतो? आपल्याकडचे बरेच मिडफिल्डर एकदा फिरवतात, काही जण फिरवतच नाहीत. बॉल पायात आल्यावर वर बघतात आणि तोवर अंगावर माणूस आलेला असतो. मग उरतो एकच पर्याय, आला तिकडेच बॉल परत द्यायचा. अंधेरीत पश्चिमेकडच्या बाजूला बसून मी अपुइयाला असं कितीतरी वेळा पाहिलंय. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. बॉल येताना त्याचा डावा खांदा आधीच उघडलेला, पहिलाच स्पर्श पुढच्या दिशेनं. ह्या एका सवयीमुळे पास अर्धा सेकंद आधी सुटतो.

हा अर्धा सेकंद कुणाच्या खात्यात जमा व्हायचा? छांगतेच्या. लालियानझुआला छांगते, २०२२-२३चा गोल्डन बॉलवाला, म्हणजे लीगमधला सर्वोत्तम खेळाडू, हा पायात बॉल घेऊन सहा जणांना चकवणारा खेळाडू नाही. तो मोकळ्या जागेत धावणारा आहे. त्याला पास हवा तो समोरची मागची फळी वळायच्या आत. २४ एप्रिल २०२४ला फातोर्ड्यावर उपांत्य सामन्यात गोवा नव्वदाव्या मिनिटापर्यंत २-०नं पुढे होता आणि मुंबईनं त्यानंतर तीन गोल करून सामना ३-२ काढला, ते आठवत असेलच. छांगतेचे दोन, विक्रम प्रताप सिंगचा एक. ती सहा-सात मिनिटं परत बघा आणि बॉल किती लवकर पुढे जात होता तेवढंच बघा. गंमत म्हणजे त्या सामन्यात गोव्याचा दुसरा गोल ब्रँडन फर्नांडिसचा होता. दोन महिन्यांत तोच मुंबईत आला.

ब्रँडनबद्दल तुमच्या दोन्ही तटांनी अन्याय केलाय. एक तट म्हणतो ‘अपुइयाच्या जागी ब्रँडन, मग काय बिघडलं’, दुसरा म्हणतो ‘ब्रँडन संपला’. ब्रँडन संपला नव्हता. त्याचा डोळा आणि त्याचे कॉर्नर आजही आपल्याकडच्या पहिल्या दोन-तीनांत धरावे लागतील. पण तो अपुइयाच्या जागेचा माणूसच नाही. तो पुढे उभा राहून शेवटचा पास देणारा. गोव्यात वर्षानुवर्षं त्याच्यामागे दुसऱ्यांनी पाणी भरलं म्हणून तो पुढे रांगोळी काढू शकला. मुंबईत आल्यावर पाणी भरणारा कोण? योएल व्हान निफ होता, चांगला होता, २०२३पासून संघात होता. पण त्याची जोडी जमली होती ती अपुइयाबरोबर. दोघांत वाटणी ठरलेली: एक पुढे तर दुसरा मागे. आता तो एकटा पडला आणि दोघांचं काम करायला लागला, त्यामुळे स्वतःचं कामही अर्धंच झालं. माझ्या नाशिकवाल्या बॅकसारखंच. गेला एक, हरवले दोन.

त्या उन्हाळ्यात वहीत मी मुंबईची अकरा वर्तुळं काढली होती. गेलेल्या चौघांवर फुल्या मारल्या तर सात वर्तुळं शिल्लक दिसतात, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश संघ शाबूत. तुमचा पहिला तट नेमका इथं थांबतो. रेघा बघितल्या तर ज्या जाड रेघांवरून बॉल मागून पुढे जायचा, त्यांतल्या निम्म्याहून जास्त तुटलेल्या. अपुइया-व्हान निफ तुटली. नोगेरा-छांगते तुटली. समोरच्या दोन्ही सेंटर बॅकना अंगावर घेऊन दियाझ उभा राहायचा आणि त्याच्या आडून बिपिन, विक्रम आत यायचे, ती तुटली. भेके उजवीकडेही खेळायचा आणि मधेही, त्यामुळे कुणीही जखमी झालं तरी मागची फळी एका माणसाच्या सरकण्यानं सावरायची, ती सोय गेली.

निकोस कारेलिस वाईट निघाला का? नाही. त्या मोसमात मुंबईचे सर्वाधिक गोल त्याचेच. पण तो दियाझसारखा धक्काबुक्की करून दुसऱ्यांना वाट देणारा नाही, गोलसमोरच्या पेटीत वास काढत फिरणारा आहे. त्याला बॉल पुरवावा लागतो. जॉन टोराल आर्सेनलच्या अकादमीतून आलेला म्हणून तुमच्यातले काही जण हुरळले होते. अहो, अकादमी सोडून त्याला किती वर्षं झाली होती ते बघा. आपल्याकडे मोठ्या क्लबाचं नाव ऐकलं की स्थळ बघायला गेल्यासारखं होतं, मुलाच्या काकांचा बंगला बघून होकार.

आता आकडे, फार नाहीत. २०२२-२३च्या लीगमध्ये मुंबईनं वीस सामन्यांत ५४ गोल केले होते. २०२३-२४ला बावीस सामन्यांत ४२. २०२४-२५ला चोवीस सामन्यांत २९. घसरण एका उन्हाळ्यात सुरू झालेली नाही हे ह्यात दिसतं. खेळ रचणारा ग्रेग स्टुअर्ट जानेवारी २०२४मध्येच गेला होता, क्रात्कीच्या आधीचा प्रशिक्षक बकिंगहॅम त्याच्या आधी नोव्हेंबरमध्ये. कपाच्या आनंदात ही गळती कुणाला ऐकू आली नाही. मी स्वतः त्या मे महिन्यात ‘संघ पुढची दोन वर्षं राज्य करेल’ असं चारचौघांत बोललो होतो. वही उघडायच्या आधी बोललो, दुसरं काय.

२९ गोल आणि नऊ बरोबऱ्या. हा हरणारा संघ नव्हता. सहाच पराभव. हा संघ सामने संपवू शकत नव्हता. बॉल पायात ठेवायचा, इकडून तिकडे फिरवायचा आणि समोरचे दहा जण आरामात आपापल्या जागी जाऊन उभे राहायचे. तो अर्धा सेकंद.

तरीही दुसऱ्या तटानं ‘सहावा नंबर, सहावा नंबर’ असं ओरडायची घाई करू नये. बेंगळुरू, नॉर्थईस्ट आणि जमशेदपूर तिघंही ३८ गुणांवर, मुंबई ३६. तिसऱ्या आणि सहाव्यात दोन गुण. नऊ बरोबऱ्यांपैकी फक्त दोन जिंकल्या असत्या तर तुम्ही आज तिसऱ्या नंबरच्या संघाबद्दल भांडत असता. पण वर बघा: गोवा ४८, बागान ५६. तिथवर पोचायला दोन सामन्यांचं नशीब पुरणार नव्हतं. म्हणून माझ्या लेखी हा संघ तिसऱ्या-चौथ्या ताकदीचा होता. पहिल्या दोनातला नव्हता, आणि मोडीतही निघालेला नव्हता.

एकाच सामन्यावरून संघाची लायकी ठरवायची सवयही सोडा. ११ मार्च २०२५ला ह्याच मुंबईनं बेंगळुरूत जाऊन बेंगळुरूला २-० हरवलं आणि बाद फेरी गाठली. अठरा दिवसांनी, त्याच कांतीरवा मैदानावर, त्याच बेंगळुरूनं ५-० धुतलं. अठरा दिवसांत दोन्ही संघांत तेच खेळाडू. तुमच्या गटातले अकरा तारखेचे मेसेज आणि एकोणतीस तारखेचे मेसेज शेजारी ठेवा, लाज वाटेल. पाचवा गोल दियाझनं मारला म्हणून दुसऱ्या तटाला तो पुरावा वाटतो. तो पुरावा नाही, ती जखमेवरची मिरची आहे.

पुरावा हवाच असेल तर बेंगळुरूचं अख्खं वर्ष बघा. २०२३-२४ला बेंगळुरू दहावा होता. दहावा! पुढच्या वर्षी तिसरा आणि थेट अंतिम सामन्यात. चाळिशी गाठलेल्या छेत्रीनं गोल केले, तरुण मिडफिल्डर पिकले, हे सगळं खरं. पण त्यांनी उन्हाळ्यात काय केलं होतं? एकाच घरातून तीन माणसं उचलली, जी एकमेकांना दोन वर्षं ओळखत होती. नोगेरा कुठं वळणार हे दियाझला सांगावं लागत नव्हतं. मुंबईनं २०२०मध्ये गोव्याशी जे केलं, तेच बेंगळुरूनं २०२४मध्ये मुंबईशी केलं. आपण नाकातून पाणी येईपर्यंत हसलो होतो तेव्हा.

आणि अपुइया? ७ एप्रिल २०२५, उपांत्य फेरीचा दुसरा सामना, बागान विरुद्ध जमशेदपूर, दोन सामन्यांची बेरीज बरोबरीत, घड्याळ नव्वदच्या पुढे. पेटीच्या बाहेरून त्यानं असा फटका मारला की बागान थेट अंतिम फेरीत. मी म्हणालो होतो त्याचे गोल फार नसतात. मारतो तेव्हा असा मारतो.

क्रात्कीबद्दल थोडकंच. त्याला हाकला म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा मला मान्य आहे: जोडी तुटल्यावर खेळायची पद्धतही बदलायला हवी होती, निदान परक्या मैदानांवर. अपुइया असताना जसा खेळ मांडला होता, तसाच तो नसतानाही मांडायचा अट्टहास बराच काळ दिसला. बॉल मागून हळूहळू खेळवत आणायचा तर मधे मान फिरवणारा माणूस लागतो. तो नसेल तर कधीतरी सरळ लांब मारून कारेलिसच्या आसपास दुसरा बॉल गोळा करायला माणसं पाठवावीत. पण प्रशिक्षकाकडे राखीव बाकावरून तशी माणसं होती का? इथं तुमची पहिली बाजू परत लंगडी पडते. बाकावर नजर टाका. परदेशी पर्याय होते, पण चारच्या नियमात एकाला आत घेतलं की एकाला बाहेर काढावं लागतं. भारतीय पर्यायांत पोरं गुणी होती, पण सामना पलटवण्याइतकी भिजलेली नव्हती.

तुम्ही शेवटी एक पोटप्रश्न विचारलाय, ‘संघात मराठी पोरं कमी झाली म्हणून भूक कमी झाली का?’ भेके मुंबईचा, तो गेला. जयेश राणे होता. अमेय रानवडे तर त्याच्या आधीच गेलेला. मलाही आपलं नाव पाठीवर बघायला आवडतं, कोल्हापूरच्या अनिकेत जाधवनं २०१७चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक खेळला तेव्हा मी पेढे वाटले होते. पण भुकेचा आणि आडनावाचा काही संबंध नाही. छांगतेपेक्षा भुकेला खेळाडू त्या संघात दुसरा दाखवा.

पुढच्या वेळी संघाची यादी जाहीर झाली की एवढं करा. नावं वाचू नका. गेल्या मोसमात सर्वात जास्त मिनिटं एकत्र खेळलेल्या चार-पाच जोड्या आठवा आणि त्यातल्या किती उरल्यात ते बघा. गोलकीपर आणि दोन सेंटर बॅक, बॅक आणि त्याच्या पुढचा विंगर, मधले दोघं, शेवटचा पास देणारा आणि तो घेणारा. मग सात भारतीयांत पंचविशीच्या आतले किती आणि त्यांच्यामागे दुसरा कोण ते बघा. परदेशी नावं सगळ्यात शेवटी, आणि तीही रात्री जेवण झाल्यावर, कारण त्यांचे हायलाइट्स बघायला लागलात की अकलेची कामं होत नाहीत. आठ मिनिटांच्या व्हिडिओत तीन वर्षांतले बरे क्षण असतात. मी एजंटला नेहमी तुमच्या माणसाचा हरलेला सामना पाठवा म्हणतो, अख्खा. दहातले सात एजंट त्यानंतर फोन उचलत नाहीत.

राहता राहिली मिसळ. पहिल्या तटानं पहिल्या दोनाचा दावा केला होता, तो खोटा ठरतो, तेव्हा पाव आणि मिसळ त्यांच्याकडून. दुसऱ्या तटानं संघ मोडीत काढला होता आणि रडले चुकीच्या माणसांसाठी, तेव्हा ताक त्यांनी पाजावं. तुमच्या लांबलचक मेसेजमध्ये खाली एकानं एकच ओळ टाकली होती, ‘अरे पण अपुइयाचं काय?’ आणि त्यावर कुणीच उत्तर दिलं नव्हतं. त्या माणसाकडून पैसे घेऊ नका.